थोरल्याच्या शर्टांची गोधडी

माझ्या ओळखीचा एक शिंपी होता. त्याचं मशीन इतकं पळायचं, की एकदा गप्पांच्या नादात त्यानं स्वतःची सावलीच टेबलाला शिवून टाकली. बिचाऱ्याला उठता येईना. गिऱ्हाइकं आली आणि गेली, डबा गार झाला, बायको येऊन ओरडून गेली. शेवटी दिवस मावळला, सावली विरघळली, तेव्हा कुठे गडी सुटला.

ही गोष्ट मी माझ्या धाकट्या भाच्याला शिलाई मशीनच्या दुकानाबाहेर, पायरीवर उभं राहून सांगितली. तो हसला नाही. बुटाचे तळवे पायपुसण्यावर नीट घासत म्हणाला, "अर्धं धरतो, मामा."

हे त्याचं लहानपणापासूनचं. तो एवढासा असताना मी त्याला सांगितलं होतं, की मी एक मासा पकडून बाहेर ओढला तर नदी घोटाभर झाली. त्यानं विचार केला, हळूच हसला आणि म्हणाला, मामा, मी यातलं अर्धं धरतो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बोलण्याला हाच भाव. डोकं दुखतंय म्हणालो तर अर्धी गोळी आणून देणार. मोठा होऊन तो वजनकाटे दुरुस्त करायला लागला, याचं मला काही नवल वाटलं नाही. किराणा दुकानांतले काटे, दवाखान्यात तान्ह्या बाळांना तोलतात ते काटे. पितळी वजनं पॉलिश लावून पुसणार, ओळीनं मांडणार, आणि मापात केसाएवढा फरक राहिला तर जेवायला उठणार नाही. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायचं, त्यात पदरचं काही घालायचं नाही, असा त्याचा स्वभाव. मी त्याचा मामा कसा झालो, हे कोडं घरात कुणालाच सुटलेलं नाही.

थोरला माझ्या वळणाचा. तो बेकरीत भट्टीवर होता. घरात शिरायचा तोच आरडाओरडा करत. आईला उचलून गोल फिरवायचा, तिच्या गालाला पीठ फासायचा. ती, म्हणजे माझी ताई, वरवर चिडायची आणि दिवसभर गाल पुसायची नाही. ताईचा जीव थोरल्यात होता आणि ती ते लपवायचीही नाही. धाकटा वेळेवर घरी यायचा, औषधं आणायचा, गळका नळ दुरुस्त करायचा, पण ताईचे कान जिन्याकडे, थोरल्याच्या पावलांसाठी. धाकट्याला हे ठाऊक होतं. पारडं कुठे झुकलंय हे बघण्याचाच त्याचा धंदा.

मग एका सकाळी थोरला भट्टीपाशी खाली बसला आणि उठला नाही. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. यात मी काहीही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

दारामागच्या खुंटीवर, कपड्यांच्या टोपलीत, खुर्चीच्या पाठीवर थोरल्यानं घालून टाकलेले जे शर्ट होते, ते ताईनं गोळा केले, उशीच्या मोठ्या खोळीत भरले आणि खोळीचं तोंड नाडीनं आवळून बांधलं. झोपताना ती खोळ छातीशी. अंगावर पांघरूण घ्यायची नाही. सकाळी खोकत उठायची. खोळीत ती काय जपत होती, ते तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं नाही. आम्हाला नुसते शर्ट दिसत होते.

धाकट्याला वाटलं, या शर्टांची गोधडी केली तर? कवटाळायचं तेही होईल आणि अंगावर ऊबही राहील. त्यानं ताईला विचारलं. तिनं खोळीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "शिव. पण खिसे कापू नकोस."

थोरल्यानंतर ती त्याच्याशी कामाशिवाय जे काही बोलली होती, त्यात हे सगळ्यात लांब वाक्य. तो त्या वाक्यावर कितीतरी दिवस चालला.

आता त्यानं जन्मात सुईत दोरा ओवलेला नाही. हातानं शिवायला बसला असता तर टाका टाका मापून, ताईच्या आयुष्यात काही गोधडी झाली नसती. म्हणून मशीन. तेही खिशाला झेपेल असं, आणि नवशिक्याला चालेल असं. आणि अशा कामाला अनुभवी माणूस बरोबर हवा, म्हणून मी.

पहिलं दुकान नुसतं काचांचं. तिथल्या विक्रेत्यानं एक पांढरंशुभ्र मशीन दाखवलं. बटण दाबलं की ते आपलं आपण कापडावर बदकं भरायचं. भाच्यानं विचारलं, कापडाचे तीन जाड थर सरळ शिवतं का? विक्रेता म्हणाला, साहेब, यात शंभर प्रकारचे टाके आहेत. भाचा म्हणाला, मला एकच पाहिजे. मी बाहेर आल्यावर म्हणालो, अशाच एका मशीनवरची बदकं रात्रीतून उडून गेली होती आणि मालकाकडे सकाळी नुसतं भोकं पडलेलं कापड उरलं. त्यानं ते निम्म्यावर आणलं. म्हणजे अर्धी बदकं राहिली म्हणायचं, असं मी म्हणालो, तर तो पुढच्या दुकानाकडे चालायला लागला.

दुसरीकडे भंगारवाल्याकडे एक काळं लोखंडी मशीन होतं, देखणं आणि जवळजवळ फुकट. पण ते हातानं फिरवायचं. भाच्यानं उजव्या हातानं चाक फिरवलं, डाव्या हाताकडे बघितलं आणि मान हलवली. एका हातानं गोधडी आवरणार कशी?

तिसरं दुकान मशीनवाल्या बाईंचं. खोली एवढीशी, चहूकडे पोटं उघडी टाकलेली जुनी मशीनं, चकत्या आणि स्क्रू ताटल्यांमध्ये वेगवेगळे. बाई कपाळावर चष्मा चढवून टेबलावर चष्मा शोधत होत्या. भाचा त्या ताटल्यांकडे असा बघत राहिला, जसा मी जेवणाच्या ताटाकडे बघतो. मी ओळखलं, इथेच घेणार.

बाईंनी त्याला समजावलं ते मलाही समजलं, म्हणजे बघा. गोधडी म्हणजे तीन थर: वरचं कापड, मधली भर, खालचं अस्तर. मशीनचे दाते असतात खाली, ते खालचं कापड पुढे ओढतात. वरचं बिचारं, दाबून धरणाऱ्या पायाखाली अडकून मागे राहतं. एका टाक्यात कळत नाही. ओळ संपेपर्यंत मात्र खालचा थर कुठल्या कुठे गेलेला आणि वरच्याला चुण्या. म्हणून वरूनही चालणारा वेगळा पाय मिळतो, दोन्ही थरांना बरोबरीनं नेणारा. तो ज्याला बसतो तेच मशीन घ्यायचं. शिवाय सुईच्या उजव्या अंगाला मोकळी जागा हवी, नाहीतर गुंडाळलेली गोधडी जाणार कुठे? आणि अंगानं जड हवं. हलकं प्लास्टिकचं मशीन गोधडीच्या ओझ्यानं टेबलावरून फरफटत जातं. बाकी फुलं, बदकं सोडून द्या. सरळ टाका नेटका पडतो ना, मग झालं. हे सगळं असलेलं वापरलेलं मशीन नव्याच्या मानानं कितीतरी स्वस्त पडतं.

फळीवरचं एक हिरवट रंगाचं मशीन त्यांनी खाली घेतलं. भाच्यानं ते एका बोटानं ढकलून बघितलं. हललं नाही. कान लावून चाक फिरवलं. त्याचा चेहरा उजळला. मी लगेच खिशातली पिशवी काढली.

पण बाई द्यायला तयार नाहीत. त्यांच्याकडे रीतच तशी होती. जे शिवणार आहात त्याचेच तीन थर आणा, माझ्यासमोर या मशीनवर शिवा, दोघांचं पटलं तर न्या.

"आणि कापड धुऊन आणा," त्या म्हणाल्या. "गरम पाण्यात. न धुतलेलं कापड खोटं बोलतं, भाऊ. आज मापात असतं, पहिल्या धुण्यात आकसतं, आणि सगळी गोधडी सुरकुतून बसते."

न धुतलेलं कापड खोटं बोलतं, हे ऐकून मी नकळत माझी कॉलर चाचपली. ते बघून धाकटा हसला. थोरल्यानंतर पहिल्यांदाच हसला.

बाईंना वाटलं, हा दुकानातून नवं कापड आणणार. अंगावर घालून घालून मऊ झालेला शर्ट आता आणखी काय आकसणार, हे त्यांनी सांगितलं असतं. पण त्यानं विचारलं नाही. विचारायला शंका यावी लागते, आणि त्याला इतकं स्वच्छ कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. निघताना तिनं खोळ आपल्या हातानं धाकट्याला दिली. देताना नाडीची गाठ एकदा दाबून बघितली. कुठला शर्ट कुठे लावायचा ते तूच ठरव, म्हणाली.

डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं. अशा वेळी तासन्‌तास समोरचं सगळं धुकट दिसतं. मी तिचा हात धरून परत आणत होतो, वाटेत तिला एका डॉक्टरची गोष्ट सांगत होतो, ज्यानं चुकून रोग्याच्या डोळ्याऐवजी चष्म्याचंच ऑपरेशन केलं. ती थोडी हसलीही. मागच्या अंगणाच्या फाटकाशी आलो आणि ती थबकली. नाक वर केलं.

"साबणाचा वास येतोय," ती म्हणाली. "दोरीवर काय आहे रे?"

मला दिसत होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्ट, खांद्यांना चिमटे लावलेले, वाऱ्यानं बाह्या फुगलेल्या. आयुष्यात माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला थाप तयार असते. त्या दिवशी एकही सापडली नाही.

तिनं माझा हात सोडला. चाचपडत दोरीपाशी गेली. पहिला शर्ट हातात धरला, खिसा ओळखला, नाकाला लावला. मग दुसरा. मग त्याच्या पुढचा. एकेका शर्टाच्या काखेत, कॉलरीत तोंड खुपसून ती दोरीभर गेली, आणि शेवटच्या शर्टापाशी नुसती उभी राहिली.

धाकटा चिमट्यांची डबी घेऊन घरातून आला. त्याचे हात गरम पाण्यानं लाल झाले होते. "आई, दोनदा धुतलेत," तो म्हणाला. "आता एकही आकसणार नाही."

"त्यात त्याचा वास होता," ताई म्हणाली.

आवाज चढला नव्हता. दुधाचं भांडं रिकामं आहे हे सांगावं तसं म्हणाली. धाकट्यानं तिच्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. त्याला कळत जाताना मी बघत होतो, आणि ते पुन्हा बघायची माझी तयारी नाही. त्यानं डबी जमिनीवर ठेवली, बाजूला पडलेला चिमटा उचलून आत टाकला, झाकण लावलं. काहीतरी नीट करायला हवं होतं ना त्याला.

ताई त्याला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, चार भांडी आपटली असती, तर घर सावरलं असतं. दोन-तीन दिवसांनी म्हणाली, आता शिव, कापड तरी वाया नको.

त्यानं तीन थर नेले, बाईंसमोर शिवले, मशीन आणलं. बाईंनी टाका बघून कौतुक केलं. नवशिक्याचा वाटत नाही, म्हणाल्या. तो मान खाली घालून सुट्या सुया मोजून घेत होता.

कामावरून आला की तो मशीनवर बसायचा. मी शेजारी, तोंडाचं काम करत. पहिल्या ओळीत वरचा थर मागे राहिलाच. त्यानं सगळी ओळ उसवली, तो वरून चालणारा पाय पुन्हा आवळून बसवला आणि पुन्हा शिवली. एकही खिसा कापला नाही. ताई पलीकडच्या खोलीत असायची. मशीन थांबलं की तिचा खोकला ऐकू यायचा. शेवटच्या दिवशी कडेची पट्टी हातभर कमी पडली. शर्ट संपले होते. त्यानं अंगातला कामावरचा शर्ट काढला, त्याचा खालचा घेर कापला, आणि न धुता, तसाच, कोपऱ्याला लावून टाकला. मी म्हणालो, अरे, बाईंनी ऐकलं तर मशीन परत नेतील. तो म्हणाला, नेऊ देत. गंजिफ्रॉकवर बसून त्यानं गोधडी पुरी केली.

बेकरीची युक्ती माझी. वास गेलाय ना, मग वास जिथून येत होता तिथे जाऊ. आम्ही गोधडी घेऊन थोरल्याच्या बेकरीत गेलो. मालकानं काही न विचारता भट्टीशेजारी दोरी बांधून दिली. दिवसभर पाव भाजत होते आणि गोधडी लटकत होती. संध्याकाळी ती अशी घमघमत होती, की वाटेत कुत्री मागे लागली. चार कुत्री. बरं, दोन.

धाकट्यानं ती आईच्या मांडीवर ठेवली. तिनं उचलली, नाकाशी नेली.

"हा पावाचा वास आहे," ताई म्हणाली. "माझा मुलगा म्हणजे पाव नव्हता."

तिनं गोधडीची नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. ती तिथेच राहिली. धाकटा येता-जाता गोधडीकडे बघायचा नाही, आणि ताई त्याच्याकडे.

महिन्याभरात त्यानं लांबची नोकरी धरली. डोंगराकडच्या थंड गावी, मालट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर. पगार तोच होता. मी विचारलं, मग का? म्हणाला, तिथला काटा बिघडलेला असतो. निघताना मशीनला झाकण घातलं, तेलाची बाटली शेजारी ठेवली. दारात ताई म्हणाली, जेवण वेळेवर करत जा. तो बरं म्हणाला.

त्यानंतर मी ताईकडेच राहायला आलो. थंडी वाढली. एका सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो तर खुर्ची रिकामी, आणि ताई गोधडीखाली. खोकला नाही. मी चकार शब्द काढला नाही, बोललो असतो तर तिनं काढून ठेवली असती. रोज तेच. कोपरा नाकाशी, कायम एकच कोपरा. तो काळपट पडायला लागला, तेव्हा मी म्हणालो, ताई, आज ऊन चांगलंय, ही धुवायला टाकतो.

"हात लावू नकोस. वास जाईल."

"ताई, थोरल्याचा वास तर केव्हाच..."

"धाकट्याचा," ती म्हणाली.

तिनं कोपरा माझ्यासमोर धरला. ती न धुतलेली पट्टी. मी नाक लावलं. मशीनचं तेल, पितळेचं पॉलिश, आणि घाम. काखेत पितळी वजनं घेऊन उन्हातून आलेला पोरगा जसा असतो, तसा.

मी म्हणालो, हे त्याला सांग. ती म्हणाली, काय सांगायचं, त्याला कळत नाही का? मी फोन लावून तिच्या कानाशी धरला. तिनं विचारलं, जेवलास का. तिनं विचारलं, थंडी आहे का तिकडे. तो हो म्हणाला असावा. मग बराच वेळ ती फोन नुसताच धरून बसली, दुसऱ्या हातात तो कोपरा, आणि शेवटी माझ्याकडे दिला.

मी गॅलरीत गेलो. पहिल्यांदाच मला एक गोष्ट जशीच्या तशी सांगायची होती, आणि कशी सांगतात ते मला येईना. म्हणालो, अरे, तुझी आई ती गोधडी घेऊन झोपते. तू तुझ्या शर्टाची पट्टी लावलीस ना, तिला नाक लावून. मी धुवायला मागितली तर देईना. तुझा वास जाईल म्हणाली.

पलीकडे एक ट्रक काट्यावर चढल्याचा आवाज आला. तो थांबल्यावर धाकटा बोलला.

"शर्ट दादाचे आहेत, मामा."

"पट्टी तुझी आहे. तुझं नाव घेतलं तिनं. मी समोर होतो."

तो हळूच हसला. लहानपणी मासा ऐकून हसला होता तसा, मला वाईट वाटू नये म्हणून.

"बरं," तो म्हणाला. "अर्धं धरतो, मामा."

मी आत आलो. ताईनं विचारलं, काय म्हणाला? मी म्हणालो, त्याला फार बरं वाटलं. तिनं मान डोलावली आणि कोपरा ओढून घेतला.